जुन्या टेम्पोची कॅम्पर व्हॅन: आरटीओत अर्ज कुठे अडतो आणि आधी काय तपासावं

जुना 407 (टाटाचा छोटा ट्रक) किंवा पिकअप स्वस्तात घ्यायचा, हौद्याच्या जागी बंद खोली चढवायची, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि कोकणात निघायचं. हा बेत घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा गाडी बहुतेक वेळा अर्धीअधिक तयार झालेली असते. पत्रा कापून खिडक्या काढलेल्या असतात, प्लायवूड ठोकलेलं असतं. "आता फक्त आरसीवर कॅम्पर लिहून घ्यायचं राहिलंय," असं सांगतात. खरं तर तेच सगळ्यात अवघड काम असतं आणि ते सगळ्यात आधी करायचं असतं. वाहनांच्या कागदपत्रांचं काम करताना मी फेटाळलेले अर्ज पुष्कळ पाहिले. त्यातले बरेचसे सुताराला आरटीओच्या आधी बोलावल्यामुळे फेटाळले गेले.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतल्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं, आणि तेव्हापासून निरीक्षक अशा अर्जांकडे जास्त कडक नजरेने बघतात. परवानगी नसताना बदल केला तर कलम 182अ नुसार प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलासाठी" हे शब्द लोक वाचतच नाहीत.

कोणाकडेच नसलेला कागद

आपण जिला कॅम्पर म्हणतो ती कागदोपत्री मोटर कॅराव्हॅन. मालवाहू गाडी आणि मोटर कॅराव्हॅन हे दोन वेगळे प्रकार आहेत. मालवाहू गाडी 'एन' गटात येते, कॅराव्हॅन माणसांच्या 'एम' गटात. कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे. बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय (आसनांचाच पलंग होत असेल तरी चालतो), स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायला कपाटं या चार गोष्टी गाडीत असाव्या लागतात, आणि त्या पक्क्या बसवलेल्या असाव्या लागतात. टेबल तेवढं काढता-घालता येईल असं चालतं. इथपर्यंत वाचून लोक खूश होतात, कारण चारही गोष्टी सुतार आठवड्याभरात करून देतो.

अडतं ते प्रमाणपत्रापाशी. ही बांधणी मानकाप्रमाणे आहे असं मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने म्हणावं लागतं. त्यातल्या तीन संस्था महाराष्ट्रातच आहेत: पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय, पुण्यातलीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. पण ही मान्यता मॉडेलला मिळते. गाडी बनवणारी कंपनी किंवा बॉडी बांधणारा कारखाना एका ठरावीक चॅसीवर (गाडीच्या मूळ सांगाड्यावर) एक ठरावीक रचना करतो, तिची चाचणी होते, आणि मग त्या रचनेच्या गाड्यांची नोंदणी होते. एकट्या मालकाने आपला एकच टेम्पो घेऊन जावं आणि कागद घेऊन परत यावं, अशी ही व्यवस्था नाही. त्यातून ज्यांच्याकडे मान्यता असते त्यांची ती चालू बीएस-6 (धुराच्या सध्याच्या नियमांतल्या) चॅसीवर असते. तुमचा बारा वर्षांचा बीएस-3 टेम्पो तिच्यात बसत नाही. नाक्यावरचा बॉडीवाला "सर्टिफिकेट देतो" म्हणतो तेव्हा त्याला एकच विचारा: एआयएस-124 ची मान्यता कुठल्या चॅसीवर आहे, आणि ती माझीच चॅसी आहे का? त्याच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजे मान्यता नव्हे.

याचा मला मनापासून राग येतो. सामान्य माणसाने प्रामाणिकपणे एक गाडी दाखवायला न्यावी, योग्य शुल्क घेऊन ती तपासावी आणि हो किंवा नाही सांगावं, इतकी साधी वाट असायला हवी होती. ती नसल्यामुळे माणसं एजंटच्या हाती सापडतात. एजंट आरसीवर काहीतरी नोंद करून देतो आणि पुढच्या पासिंगला (गाडीच्या फिटनेस तपासणीला) दुसरा निरीक्षक ती गाडी थांबवतो.

त्यामुळे बजेट कमी असेल तर वाट आधी ठरवा. गाडीची बांधणी बदलून कॅराव्हॅन म्हणून नोंद करायची, तर मान्यता असलेला कारखाना आणि त्याला चालणारी चॅसी आधी शोधा, टेम्पो त्यानंतर घ्या. किंवा बांधणीला हात न लावता, पलंग-ओट्याचा सुटा संच आत ठेवून मालवाहू गाडीच वापरा. ही दुसरी वाट पुढे सांगतो, कारण जुन्या गाडीच्या बहुतेक मालकांना शेवटी तीच परवडते.

14 दिवसांचा गैरसमज

कलम 52 मध्ये 14 दिवसांची मुदत आहे. लोक ती अशी वाचतात की आधी बदल करा आणि 14 दिवसांत परवानगी मागा. तसं नाही. परवानगी आधी, काम नंतर. काम पूर्ण झालं की 14 दिवसांच्या आत आरसी आणि शुल्कासह तुम्ही राहता तिथल्या आरटीओला कळवायचं, म्हणजे आरसीवर नोंद होते. मला आठवतो एक शिक्षक. त्यांनी तीन महिने रजा जोडून, स्वतःच्या हाताने आतलं सगळं काम केलं होतं, फार सुबक. नवव्या दिवशी अर्ज टाकला, मुदतीत आहोत या समाधानात. निरीक्षकाने मूळ हौदा परत बसवून आणा म्हणून सांगितलं. हौदा तोवर भंगारात गेला होता. म्हणून कळकळीने सांगतो, परवानगी हातात येईपर्यंत जुना हौदा, फाळके, आडवे पाइप काहीही विकू नका.

टेम्पो घेण्याआधी

नावावर करणं, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, आधार, पॅन ही नेहमीची कामं आहेत, ती होतात. खरेदीदाराने 30 दिवसांत हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो, फॉर्म 29 आणि 30 वर. मूळ मालक वारला असेल तर वारसाला फॉर्म 31 लागतो, आणि सगळ्या वारसांच्या सह्या मिळेपर्यंत पैसे देऊ नका. थकलेली ई-चलानं, थकलेला कर आणि पर्यावरण कर आधी भरून घ्या. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बसवलेली नसेल तर पुढची कामं अडतात.

जास्त छळतो तो बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद. पंधरा वर्षांपूर्वी टेम्पो एखाद्या पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेला असतो. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण आरसीवर बोजा तसाच असतो आणि संस्था बंद पडलेली असते. बोजा उतरवायच्या फॉर्म 35 वर सही कोण करणार? संस्था अवसायनात (कायद्याने गुंडाळली जात) असेल तर सहीचा अधिकार ते काम बघणाऱ्या अवसायकाकडे असतो. संस्था ज्या तालुक्यात होती तिथल्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात अवसायक कोण आहे ते कळतं. याला महिने लागू शकतात. हे काम विकणाऱ्याने करायचं, तुम्ही नाही. "घेऊन जा, बोजा नंतर बघू" हे ऐकून पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट चॅसी नंबर. नोंदणीच्या कामात निरीक्षक चॅसीवर कोरलेला नंबर बघतो, त्याचा पेन्सिलने घेतलेला ठसा अर्जाला लागतो. वीट, वाळू, मासळी वाहिलेल्या गाडीचा नंबर गंजून गेलेला असतो, किंवा वर रंगाचे चार थर बसलेले असतात. गाडी बघायला जाताना तारेचा ब्रश, रॉकेलचा बोळा आणि पेन्सिल घेऊन जा आणि ठसा तिथेच घ्या. एखादा आकडाही नीट उमटत नसेल तर ती गाडी सोडा. स्वतःहून नंबर पुन्हा ठोकून घेणं हा गुन्ह्याचा संशय ओढवून घेण्याचा प्रकार आहे.

तिसरी गोष्ट वर्षांची मोजणी. खासगी नोंदीची 15 वर्षं गाडीच्या पहिल्या नोंदणीपासून धरतात. चौदा वर्षांचा टेम्पो खासगी करून घेतला तर वर्षभरात नूतनीकरण समोर येतं, आणि ते पाच-पाच वर्षांचं होतं. पैशांचा हिशोब करताना हे धरा.

पांढरी पाटी म्हणजे कॅम्पर नव्हे

परिवहन संकेतस्थळावर कन्व्हर्जन आणि अल्टरेशन अशा दोन वेगळ्या सेवा आहेत. व्यावसायिक गाडी खासगी करणं, म्हणजे पिवळ्या पाटीची पांढरी करणं, हे कन्व्हर्जन. त्यासाठी परमिट जमा करावं लागतं आणि कराचा फरक भरावा लागतो. बॉडी, आसनसंख्या, रिकामं वजन बदलणं म्हणजे अल्टरेशन. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या यादीत बिगर-व्यावसायिक वाहनांत आहे, म्हणून लोक पहिलीच सेवा निवडतात आणि समजतात की काम झालं. मग आरसीवर बॉडीचा प्रकार मालवाहूच राहतो आणि आत पलंग असतो. हा विसंगतपणा पहिल्याच तपासणीत दिसतो.

राज्याच्या 2021 च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाचाही घोळ होतो. ते कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्या आणि कॅराव्हॅन पार्क चालवणाऱ्या व्यावसायिकांसाठी आहे. पर्यटन संचालनालयाकडची नोंद आरटीओच्या परवानगीची जागा घेत नाही.

सुटा संच: कमी खर्चाची वाट

यात आरसी मालवाहूच राहते. हौद्यावरचा बंद डबा आरसीत नोंदलेला असेल अशीच गाडी घ्या, म्हणजे बॉडीचा प्रश्नच उरत नाही. आत लाकडी पेट्यांचा पलंग, पेटीतला ओटा, जारचं पाणी, सगळं माल बांधतात तसं पट्ट्यांनी आवळलेलं. वेल्डिंग करायचं नाही, खिडकी कापायची नाही, चॅसीला भोक पाडायचं नाही. आपलंच सामान आपल्या गाडीत, अशी ही स्थिती आहे.

तिच्या अटीही कडक आहेत. गाडी चालू असताना मागे कोणीही बसायचं नाही, लहान मूलसुद्धा नाही. केबिनमध्ये आरसीत जेवढी आसनं तेवढीच माणसं. मालवाहू गाडीचा विमा मागे फुकट बसवलेल्या माणसाला लागू होत नाही, आणि अपघात झाला तर ती भरपाई मालकाच्या खिशातून जाते. चारजणांच्या कुटुंबाला ही वाट चालत नाही हे आधीच मान्य करा. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, म्हणून छोटा हत्ती (टाटा एस) सोपा पडतो. 407 ला परमिट लागतं. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं.

वजन दोन्ही वाटांवर मोजावंच लागतं. 18 मिलिमीटर प्लायवूडचा आठ बाय चारचा एक पत्रा तीस किलोच्या आसपास भरतो. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. काम सुरू करण्याआधी रिकाम्या गाडीची वजनकाट्याची पावती घ्या आणि काम झाल्यावर दुसरी घ्या. बॉडी मागे वाढवायचा मोह अनेकांना होतो. मागच्या चाकांपलीकडचा लटकता भाग पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि निरीक्षक टेप लावून बघतो.

लायसन्सची काळजी मात्र बाजूला ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलंय की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहनही चालवता येतं. 407 त्यात बसतो.

विमा कंपनीला मात्र लेखी कळवा. परवानगीचं पत्र मिळालं त्याच दिवशी त्याची प्रत जोडून अर्ज द्या आणि पॉलिसीत दुरुस्ती झालेला कागद हातात येईपर्यंत लांबच्या प्रवासाला निघू नका. आरसीवर कॅराव्हॅन आणि पॉलिसीवर मालवाहू, अशा स्थितीत दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. पोचपावतीवर शिक्का घ्या आणि ती गाडीत ठेवा.