मोटर जळत नाही, थांबायचं विसरते

अमळनेरचा एक मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. तिथं त्यानं हौसेनं दोन आसनांची जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतली. दिवसा हेडलाइट बॉनेटमध्ये लपलेले आणि बटण दाबलं की वर येणारे, अशी ती गाडी. परवा त्यानं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ टाकला. उजवा दिवा वर येऊन शांत उभा. डावा मात्र वर येतो, खाली जातो, पुन्हा वर येतो, फ्यूज काढेपर्यंत थांबतच नाही. ग्रुपवर लगेच निदानं आली. काकांनी लिहिलं, "मोटर जळाली, नवीन टाक." एका चुलतभावाला सॉफ्टवेअर बिघडल्याची खात्री होती. आणि कुणीतरी गाडीला लिंबू-मिरची बांधायला सांगितलं, कारण दिवा आपोआप उघडमीट करतो म्हणजे काहीतरी बाहेरचं असणार.

काकांचं मला नवल वाटलं नाही. खान्देशात मोटर म्हणजे विहिरीची मोटर, आणि ती खरोखर जळते. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीला पाणी देताना व्होल्टेज पडलं की पंप तेवढंच पाणी ओढायला जास्त करंट घेतो, वाइंडिंग तापतं, वार्निश करपतं. शेतकऱ्याचा हा अनुभव पक्का आहे. पण गाडीतली 12 व्होल्टची डीसी मोटर वेगळ्या स्वभावाची. तिला व्होल्टेज कमी मिळालं तर ती नुसती हळू फिरते. अमळनेरच्याच एका रिवाइंडिंगच्या दुकानात मी तो व्हिडिओ दाखवला, तर हातातल्या आर्मेचरवरची, म्हणजे मोटरच्या तार गुंडाळलेल्या फिरत्या भागावरची, नजर क्षणभर वर करून तिथले आप्पा अहिराणीत म्हणाले, "मोटर फिरी ऱ्हायनी ना भो, मंग ती जळनी कशी?"

फिरणारी मोटर जळालेली नसते. या दिव्याचं दुखणं फिरण्यात नव्हतंच, ते थांबण्यात होतं. आणि मोटरनं बरोबर जागेवर थांबावं यासाठी केलेली योजना मला या सगळ्या यंत्रातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते. त्या योजनेला मायक्रोप्रोसेसर लागत नाही.

आधी हालचाल कशी होते ते पाहू. छोटी मोटर मिनिटाला काही हजार फेरे घेते, दिव्याला तर फक्त अर्धा फेरा पुरतो. म्हणून मोटरच्या दांड्यावर पेच कोरलेला असतो आणि त्यात एक दातेरी चाक अडकवलेलं असतं. याला वर्म गिअर म्हणतात. समजा मोटर मिनिटाला 3000 फेरे घेते आणि चाकाला 60 दाते आहेत. पेचाच्या एका फेऱ्यात चाक एकच दात पुढे सरकतं, म्हणजे चाक मिनिटाला 50 फेरे घेणार आणि अर्ध्या फेऱ्याला 0.6 सेकंद लागणार. चाकाच्या दांड्यावर एक क्रँक, म्हणजे आडवा बसवलेला हात, आणि क्रँकपासून दिव्यापर्यंत एक जोडदांडी. क्रँकचा अर्धा फेरा झाला की दिवा वर, उरलेला अर्धा झाला की खाली. मोटर कायम एकाच दिशेनं फिरते, उलट फिरवायची गरजच पडत नाही. माझदा एमएक्स-5 च्या 1989 ते 1997 या काळातल्या पहिल्या पिढीत प्रत्येक दिव्याला अशी स्वतंत्र मोटर आहे. पोर्शे 944 मध्ये एकच मोटर दांड्यांच्या साहाय्यानं दोन्ही दिवे उचलते.

वर्म गिअरचा आणखी एक गुण आहे. पेच फिरवला की चाक फिरतं, पण चाक फिरवून पेच फिरत नाही. ट्रकचा पेचाचा जॅक याच कारणानं भाराखाली आपोआप खाली येत नाही. पेचाच्या आट्याचा उतार घर्षणकोनापेक्षा, म्हणजे ज्या उतारावर वस्तू आपोआप घसरू लागते त्या कोनापेक्षा, कमी असला की असं कुलूप लागतं. घर्षणांक 0.1 धरला तर हा कोन जेमतेम 6 अंशांचा येतो. याची किंमतही मोजावी लागते. अशा पेचाची कार्यक्षमता 50 टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, हे दोन ओळींच्या त्रिकोणमितीनं सिद्ध होतं: उताराचा कोन λ आणि घर्षणकोन φ असेल तर कार्यक्षमता म्हणजे tan λ भागिले tan(λ+φ), आणि λ हा φ पेक्षा मोठा नसेल तर हे उत्तर निम्म्याच्या आतच राहतं. अर्धी शक्ती उष्णतेत गेली तरी बदल्यात ताशी 120 किलोमीटरच्या वाऱ्यातही दिवा दबत नाही, आणि तो वर धरून ठेवायला बॅटरीतून काहीही खर्च होत नाही. म्हणूनच अडकलेला दिवा हातानं ओढून वर काढायला जाऊ नये. हात जिंकला तर दाते तुटतात. एमएक्स-5 मध्ये मोटरच्या डोक्यावर रबरी टोपणाखाली फिरवायची मूठ दिलेली आहे, आधी फ्यूज काढून ती फिरवायची. बरेच फेरे फिरवावे लागतात, कारण तुम्ही त्या वेळी पेचाच्या बाजूनं गिअर चालवत असता.

आता थांबण्याकडे येऊ. चाकाबरोबर एक चकती फिरते आणि तिच्यावर तांब्याची गोल पट्टी असते. पट्टीवर स्प्रिंगसारखे पातळ संपर्क टेकलेले असतात आणि मोटरचा करंट त्यांच्यातून जातो. दिवा पूर्ण वर असतो त्या जागी आणि पूर्ण खाली असतो त्या जागी पट्टीत खाच असते. डॅशबोर्डवरचं बटण फक्त एवढंच ठरवतं की करंट कोणत्या मार्गानं न्यायचा, म्हणजे कोणत्या खाचेपाशी तोडायचा. बटण दाबून तुम्ही मोटर सुरू करता, बंद मात्र ती स्वतः करते. एसटीच्या किंवा तुमच्याच गाडीच्या वायपरचं बटण काच अर्धी पुसून झालेली असताना बंद करून पाहा. दांडा तिथंच थांबत नाही, खाली जागेवर जाऊनच थांबतो. तीच चकती, तीच खाच.

पण करंट तुटला म्हणजे मोटर थांबली असं होत नाही. ती सेकंदाला 50 फेऱ्यांच्या वेगात आहे. थांबायला 0.2 सेकंद लागले असं धरलं तरी त्या वेळात ती सरासरी निम्म्या वेगानं 5 फेरे घेईल, आणि 60 च्या गिअरमधून क्रँक 30 अंश पुढे सरकेल. तेवढ्यात संपर्क खाच ओलांडून पुढच्या पट्टीवर चढेल, करंट पुन्हा मिळेल आणि दिवा पुन्हा फेरी मारेल. जर्मनीतला तो डावा दिवा अगदी असाच वागत होता.

यावरचा उपाय शाळेत शिकलेल्या एका गोष्टीत आहे. मोटर आणि जनित्र ही दोन वेगळी यंत्रं नाहीत. चुंबकात फिरणारी तार स्वतःच व्होल्टेज निर्माण करते आणि ते बॅटरीच्या विरुद्ध असतं. मोटरचा अंतर्गत रोध 0.6 ओहम आणि चालताना करंट 5 अँपिअर धरू. रोधावर 3 व्होल्ट पडतात, म्हणजे मोटर स्वतः 9 व्होल्ट तयार करत असते. आता खाचेपाशी चकती दोन कामं एकदम करते: बॅटरीचा मार्ग तोडते आणि मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडते. बॅटरी गेली, पण ते 9 व्होल्ट आहेतच. ते आता 0.6 ओहममधून उलट्या दिशेनं 15 अँपिअर करंट हाकतात. मोटर 5 अँपिअरवर चालत होती, तिच्यावर आता तिप्पट जोराचा उलटा पीळ बसतो, आणि ती गचकन थांबते. वेग कमी झाला की ब्रेकही आपोआप सैल होतो, कारण व्होल्टेज वेगावरच अवलंबून आहे. एक पैशाचा वेगळा भाग न घालता मोटरलाच तिचा ब्रेक बनवलं आहे. मला हे कितीही वेळा वाचलं तरी आनंद होतो. आपल्याकडच्या अनेक विद्युत इंजिनांतही मोटरलाच जनित्र बनवून ब्रेक लावतात, फक्त अँपिअर कितीतरी जास्त.

मग दिवा थांबेना याची कारणं दोनच उरतात. एक तर खाचेत तांब्याची पूड आणि काळं पडलेलं ग्रीस भरून ती बुजली, म्हणून करंट तुटतच नाही. नाही तर ब्रेकचा संपर्क गंजला किंवा वाकला, म्हणून टोकं जोडली जात नाहीत. यात बाहेरचं काही शिरलं असेल तर ते ओलसर मळ आहे. लिंबाच्या आम्लानं तांबं चकचकीत होतं हे खरं, पण त्यासाठी लिंबू चकतीपर्यंत पोहोचायला हवं, बंपरला टांगून ते होणार नाही. आणि आत तेही पिळू नये, मागे राहिलेलं आम्ल पुढे संपर्क खातं. झाकण उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, अगदी बारीक पॉलिश पेपरनं पट्टी पुसायची, संपर्क जरासे वाकवून ताण परत आणायचा, नवं ग्रीस लावायचं. त्या मुलानं हेच केलं, आणि खाच साफ होताच दिवा थांबायला लागला.

दुसरं नेहमीचं दुखणं म्हणजे दिवा रडतखडत उठतो. इथंही आधी मोटरलाच दोष दिला जातो. समजा बॉडीच्या अर्थचा (करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या मार्गाचा) जोड गंजून मार्गात 1 ओहम वाढला. मोटरला दिवा उचलायला 5 अँपिअर लागतातच, आता 12 पैकी 8 व्होल्ट रोधावर जातात आणि मोटरच्या वाट्याला 9 ऐवजी 4 उरतात. वेग निम्म्याच्याही खाली. पण प्लग काढून मल्टिमीटर लावला तर तो बिनदिक्कत 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही आणि करंट नसेल तर त्या 1 ओहमवर काहीच पडत नाही. इथं भलेभले फसतात आणि नवी मोटर आणतात. मोटर जोडलेली आणि फिरत असताना तिच्या टोकांवर मोजा, किंवा प्लगला 55 वॉटचा हेडलाइटचा बल्ब लावा. तो मंद पेटला तर दोष तारेत, जोडात किंवा रिलेत (विजेनं चालणाऱ्या स्विचमध्ये) आहे.

मोटर खरोखर जळते ती एकाच प्रसंगात: दिवा अडकला आणि करंट चालू राहिला तर. थंड देशात बर्फानं झाकण चिकटतं, आपल्याकडे ग्रीस वाळून सांधे धरतात. फिरणं थांबलं की विरोधी व्होल्टेज शून्य, करंट 12 भागिले 0.6 म्हणजे 20 अँपिअर. चालताना 15 वॉट उष्णता होत होती, ती आता 240 वॉट. बोटभर आर्मेचरला हे काही मिनिटंही सोसत नाही, आणि 30 अँपिअरचा फ्यूज तर हे निमूट पाहत राहतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा तापायला वाव आणखी कमी उरतो.

असे दिवे आता नव्या गाड्यांत येत नाहीत. 1936 च्या कॉर्ड 810 मध्ये ते डॅशबोर्डवरच्या दोन हँडलांनी हातानं फिरवून उघडायचे, 1962 च्या लोटस एलाननं इंजिनच्या निर्वातावर उचलले, आणि शेवरोले कॉर्व्हेट व लोटस एस्प्री यांच्यावरून ते 2004 मध्ये संपले. पादचाऱ्याला धडकेत इजा कमी व्हावी म्हणून बॉनेट गुळगुळीत हवं झालं आणि लहान आकाराचे चांगले दिवे निघाले. म्हणजे आज दुरुस्तीला येणारी प्रत्येक मोटर वीस वर्षांच्या वरची, आणि नवी मिळाली तर महाग.

सुट्या भागांबद्दल एक सांगतो. कॉर्व्हेटच्या काही मॉडेलांत दातेरी चाकाच्या आत प्लॅस्टिकच्या छोट्या गुळ्या असतात, त्यांचा कालांतरानं भुगा होतो. मग मोटर गरगर फिरते आणि दिवा हलत नाही. गुळ्या बदलल्या की काम होतं. पण बरेच जण त्याच वेळी नायलॉनचं चाक काढून पितळी बसवतात आणि विकणारेही तसं सुचवतात. माझं मत नायलॉनच्या बाजूनं आहे. दिवा अडकला तर स्वस्त चाकाचे दाते जाऊ देत. पितळी चाक तुटत नाही, मग तो जोर क्रँक, जोडदांडी किंवा आर्मेचरवर जातो.

आणि मोटर उतरवण्याआधी क्रँक आणि दांड्यावर खिळ्यानं एक सरळ रेघ ओढून घ्या. क्रँक एक दात जरी सरकून बसली, तरी खाच एकीकडे आणि दिव्याची वरची जागा दुसरीकडे होते, आणि सगळं साफ केलेला दिवा अर्धवट उघडून थांबतो.