वारा वेळापत्रक पाळत नाही

कमरेला पट्टा, पायाखाली फळी, डोक्यावर वीस-बावीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला भलामोठा पतंग आणि खाली पाणी. काइटबोर्डिंग म्हणजे एवढंच. मराठवाड्याला समुद्र नाही, त्यामुळे इथे हे समजावून सांगावं लागतं. पण समुद्रकाठच्या लोकांनाही हा खेळ फारसा ठाऊक नसतो. स्केटबोर्डिंग आणि सर्फिंग टोकियोतच ऑलिंपिकमध्ये दाखल झाले. याला 2024 च्या पॅरिसपर्यंत ताटकळावं लागलं. यात संघटनांचं राजकारण आहेच, पण माझ्या मते खरी अडचण वाऱ्याच्या गणितात आहे.

संक्रांतीला संभाजीनगरच्या गच्चीवरचं एखादं पोर बघा. पतंग डोक्यावर स्थिर असतो तेव्हा मांजा निवांत असतो. पोरानं झटका देऊन त्याला गोता खायला लावला की तोच मांजा बोटात रुततो. वारा तर तेवढाच, मग ओढ कुठून वाढली? पतंग हवेतून वेगानं धावला की त्याला लागणारा वारा वाढतो, आणि जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 20 किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर ढोबळमानानं 2 किलो वजनाइतका रेटा देतो. म्हणजे 10 चौरस मीटरच्या पतंगाला 20 किलो. पण पतंग आडवा पळवून त्याला लागणारा वारा तिप्पट केला, तर रेटा नऊपट, 180 किलोच्या घरात! माणूस पाण्यावरून उचलला जातो तो असा.

हेच गणित जिवावरही उठतं. झुळूक अचानक दुप्पट झाली तर ओढ चौपट होते. सुरुवातीच्या पतंगांची ओढ पटकन मोडता येत नसे. अपघात झाले, काही किनाऱ्यांवर बंदीही आली. फ्रान्सच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी 1984 मध्ये हवा भरलेल्या, पाण्यात पडला तरी पुन्हा उडवता येणाऱ्या पतंगाचं पेटंट घेतलं होतं. तरी खेळ रुळायला 1990चं दशक सरत आलं. हातातला दांडा पुढे ढकलताच ओढ जवळपास नाहीशी करणारे पतंग तर त्याही नंतरचे.

मग ऑलिंपिकचा खेळखंडोबा. मे 2012 मध्ये शिडांच्या खेळांच्या जागतिक महासंघानं 2016 च्या रिओ ऑलिंपिकसाठी विंडसर्फिंग (शीड लावलेल्या फळीचा खेळ) काढून काइटबोर्डिंग घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरवला. टीव्हीवाल्यांनाही हा खेळ अडचणीचा. स्केटबोर्डचा सिमेंटचा खड्डा सकाळी दहाला तयार म्हणजे तयार. वाऱ्याला दहाची वेळ कोण देणार?

यावर तोडगा निघाला तो फॉइलचा. फळीखाली मीटरभर दांडा आणि त्याच्या तळाशी विमानासारखे छोटे पंख. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट, त्यामुळे एवढेसे पंखही माणसाला फळीसकट पाण्याबाहेर उचलतात, घर्षण घटतं आणि मंद वाऱ्यातही शर्यत होते. पुरुषांच्या शर्यतीतला सर्वात मोठा पतंग 23 चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास अडीचशे चौरस फूट. तरीही पॅरिस ऑलिंपिकच्या या शर्यती जिथे झाल्या, त्या फ्रान्सच्या मार्से किनाऱ्यावर वारा पडला आणि शर्यती लांबत गेल्या. शिवाय ऑलिंपिकनं घेतली ती शर्यत. ज्या उंच उड्यांसाठी पोरं या खेळाकडे वळतात, त्या केपटाऊनच्या ‘किंग ऑफ द एअर’सारख्या स्पर्धांतच राहिल्या. मान्यता मिळाली खरी, पण मोजता येईल तेवढ्याच भागाला.

पुरुषांचं सुवर्ण ऑस्ट्रियाच्या व्हॅलेंटिन बोंटुसला मिळालं. ऑस्ट्रियालाही समुद्र नाही! मग जायकवाडीवर का नाही, असं कुणी विचारेल. नाथसागर पसरट आहे, जूनमध्ये पश्चिमेचा वाराही सुटतो. पण तेव्हा धरणाचा तळ दिसत असतो. नाशिककडच्या पावसाचं पाणी येऊन धरण भरेपर्यंत वारा मंदावतो. शिवाय 40 अंशांच्या दुपारी, एवढ्या उंचीवर हवा विरळ होते आणि थंड समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत ओढ दहा-बारा टक्क्यांनी घटते. त्यात हे पक्षी अभयारण्य आणि संभाजीनगर-जालन्याचं पिण्याचं पाणी. तेव्हा शिकायचंच असेल तर रामेश्वरम गाठावं. तिथे उन्हाळ्यात नैऋत्येचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा, असा वर्षातून दोनदा वारा मिळतो.