जावातलं कनेक्शन ‘क्लोज’ होतं तेव्हा काय होतं?

१९९७ साली जेडीके १.१ (जावाचा विकाससंच) सोबत जेडीबीसी, म्हणजे जावा प्रोग्रामला डेटाबेसशी बोलू देणारं माध्यम, आलं तेव्हा ‘क्लोज’ला एकच अर्थ होता: डेटाबेसपर्यंतचं सॉकेट (नेटवर्कवरचा जोड) बंद. सर्व्हलेटच्या (सर्व्हरवर वेब-रिक्वेस्टना उत्तर देणाऱ्या जावा कोडच्या) जमान्यात प्रत्येक रिक्वेस्टला नवं सॉकेट आणि नवं लॉगिन परवडेना, म्हणून जो तो स्वतःचा पूल, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा, लिहू लागला.

मग जेडीबीसी २.० च्या जोड पॅकेजमध्ये डेटासोर्स (कनेक्शन मागायची नवी जागा) आला आणि त्याच्यासोबत एक निर्णय, ज्याची किंमत अजून चुकवावी लागते. पूलमधून घेतलेल्या कनेक्शनवरही ‘क्लोज’च म्हणायचं, पण त्याचा अर्थ ‘पूलला परत दे’. जुना कोड न बदलता चालावा, हा हेतू रास्त होता. तरीही परत करण्याला स्वतःचं नाव मिळायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

कारण त्या एका शब्दानं दोन उलट चुका रुजवल्या. ‘क्लोज महाग असतं’ हे डोक्यात बसलेले लोक कनेक्शन स्टॅटिक फील्डमध्ये (सगळ्या प्रोग्रामला सामायिक जागेत) धरून ठेवू लागले. दुसरीकडे, ‘क्लोज केलं म्हणजे सगळं संपलं’ असं मानणाऱ्यांचं सेशन व्हेरिएबल (डेटाबेसनं त्या कनेक्शनपुरतं लक्षात ठेवलेलं मूल्य) किंवा तात्पुरतं टेबल पुढच्या रिक्वेस्टच्या हाती गेलं. कमिट न करता (बदल कायम न करता) क्लोज केलं तर काय व्हावं, हेही स्पेसिफिकेशननं ज्याच्या त्याच्यावर सोडलं.

सगळ्यात छळलं ते दुहेरी क्लोजनं. ट्रायच्या शेवटी एकदा क्लोज, फायनलीमध्ये (चूक झाली तरी चालणाऱ्या भागात) पुन्हा एकदा. जुन्या पूलमध्ये या दोन ओळींच्या मधल्या क्षणात तेच कनेक्शन दुसऱ्या थ्रेडला (समांतर चालणाऱ्या कामाला) मिळालेलं असे, आणि दुसरं क्लोज त्याच्या हातून ते काढून घेई. एक्सेप्शन दिसे भलत्याच, निर्दोष कोडमध्ये! क्लोज करून व्हेरिएबल लगेच नल (रिकामं) करा, हा सल्ला तिथूनच आला.

कनेक्शन बंद आहे का हे विचारणाऱ्या ‘इजक्लोज्ड’चाही उपयोग नव्हता. त्यातून फक्त क्लोज म्हटलं गेलं का, एवढंच खात्रीनं कळतं. मायएसक्यूएलनं आठ तास पडून राहिलेलं कनेक्शन आपल्या बाजूनं तोडलं, तरी पूलच्या लेखी ते जिवंतच. सकाळची पहिली रिक्वेस्ट आपटायची ती याच कारणानं. कनेक्शन खरंच चालू आहे का हे तपासणारं ‘इजव्हॅलिड’ मिळायला २००६ चं जावा ६ उजाडावं लागलं.

२०११ मध्ये जावा ७ नं ट्राय-विथ-रिसोर्सेस (काम संपताच आपोआप क्लोज करणारी रचना) आणलं आणि क्लोज विसरण्याची सोयच जवळपास संपवली. ते फक्त ‘क्लोज’ या नावाच्या मेथडलाच ओळखतं. तेवढ्यापुरता जुना निर्णय फळला, हे मान्य करायला हवं. २०१८ मध्ये स्प्रिंग बूट २ नं (जावाचं लोकप्रिय फ्रेमवर्क) हिकारीसीपी हा, वेगळं काही न सांगितल्यास वापरला जाणारा, डिफॉल्ट पूल केला. तो परत आलेल्या कनेक्शनचं अर्धवट ट्रान्झॅक्शन रोलबॅक (रद्द) करतो, ऑटोकमिट आणि आयसोलेशन या सेटिंग पूर्ववत करतो. सेशन व्हेरिएबल मात्र तसंच राहतं.

आता जावा २१ मध्ये व्हर्च्युअल (अगदी हलके) थ्रेड आहेत. थ्रेड हजारोंनी काढता येतात, पण हिकारीची डिफॉल्ट मर्यादा १० कनेक्शनचीच. दहाही अडकलेली असतील तर अकरावा थ्रेड ३० सेकंदांपर्यंत वाट पाहतो आणि तोवर एकही मोकळं झालं नाही, तर एक्सेप्शन घेऊन परततो.