आय-जेल की एलएमए? ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

आय-जेल आणि एलएमए (लॅरिंजियल मास्क) म्हणजे भूल दिलेल्या पेशंटचा श्वास चालू ठेवायला घशात बसवायची साधनं. भूलतज्ज्ञ डॉक्टर आणि ओटीतल्या सिस्टर, दोघांसाठी ही माहिती आहे.

फोनवर पहिला प्रश्न किमतीचा येतो. त्याआधी एक बघा, अशी आमची विनंती: जठरातलं बाहेर यायला वेगळी वाट आहे का?

डॉ. आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये पहिला लॅरिंजियल मास्क वापरला, त्यात ती नव्हती. ‘क्लासिक’ एलएमए आजही तसाच आहे. एकच नळी, आणि घशातली पकड साधारण २० सेंमी पाण्याच्या दाबापर्यंत. पेशंट स्वतः श्वास घेत असेल अशा छोट्या केसला तो उत्तम चालतो. व्हेंटिलेटरचा दाब त्यापुढे गेला की हवा कडेने निसटते, थोडी पोटातही शिरते. ‘प्रोसील’ या नंतरच्या एलएमएमध्ये दुसरी नळी आली. तिचं टोक अन्ननलिकेच्या तोंडाशी बसतं, तिच्यातून सक्शनची नळी घालून पोट रिकामं करता येतं आणि पकड ३० च्या आसपास मिळते. बसवायला मात्र हात सरावलेला लागतो.

आय-जेलला कफच (मास्कच्या कडेची हवेने फुगवायची गादी) नाही. फुगवायचं काही नसल्याने ते पटकन बसतं, आणि दुसरी वाटही आहे. फक्त सर्वांत लहान, १ नंबरच्या आय-जेलला ती नाही. नवजात बाळांसाठी मागवताना हे लक्षात असू द्या. मोठ्यांत ३ नंबर ३० ते ६० किलोला, ४ नंबर ५० ते ९० ला. ५५ किलोच्या पेशंटसाठी दोन्ही हाताशी ठेवा.

“धुऊन किती वेळा चालेल?” आय-जेल एकदाच. छोट्या नर्सिंग होमला हा खर्च जड जातो, आम्हाला ठाऊक आहे. तरी ते धुण्याची पद्धत आम्ही सांगणार नाही. पुन्हा वापरायचंच असेल तर सिलिकॉनचा क्लासिक किंवा प्रोसील घ्या, तो ४० वेळा ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) होतो. त्याआधी कफ पूर्ण रिकामा करा, नाहीतर आतली हवा तापून कफ फाटतो. ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकात कधीच बुडवू नका. सिलिकॉन ते शोषून घेतं आणि पुढच्या पेशंटचा घसा भाजू शकतो. कफचा दाब ६० सेंमी पाण्याच्या आत हवा. नायट्रस ऑक्साइड हा भुलेचा वायू चालू असेल तर मध्येच पुन्हा मोजा, कारण तो कफमध्ये शिरून दाब वाढवतो.

पोट भरलेलं असताना यांतलं काहीही एंडोट्रॅकियल ट्यूबची (थेट श्वासनलिकेत घालायच्या नळीची) जागा घेत नाही, दुसरी नळी असली तरी. इंट्युबेशन, म्हणजे ती ट्यूब घालणं, जमलं नाही तर श्वास चालू ठेवायला म्हणून मात्र यांतलं एक ट्रॉलीवर असावंच.

सिलिकॉनच्या प्रत्येक मास्कसोबत आम्ही ४० चौकोनांचं कार्ड देतो. ऑटोक्लेव्हमधून मास्क निघाला की सिस्टरनी एक खूण करायची. चाळिसावी खूण झाली की पुढच्या केसनंतर तो टाकून द्या, दिसायला कितीही चांगला असला तरी.