ग्रीसचं ताक आणि दीडशे बार

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी बेअरिंगवरचं रबरी झाकण पातळ स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं, आत बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. "बघा साहेब, ग्रीसचं ताक झालंय."

खरंच ताक झालं होतं. लोण्यासारखं घट्ट ग्रीस असायला हवं तिथं करडं-पांढरं पाणचट काहीतरी होतं आणि छर्‍यांवर गंजाचे तांबूस ठिपके. गाडी माझ्या पुतण्याची, एक्सपल्स मोटरसायकल. ती ना कधी नदीत बुडाली, ना पुरात अडकली. पावसाळाभर दर रविवारी गगनबावड्याच्या बाजूचा चिखल तुडवून यायची आणि परतीच्या वाटेवर एका वॉशिंग सेंटरवर धुऊन निघायची. तिथला पोरगा नोझल चाकाच्या मधोमध, चार बोटांवर धरून, अगदी मन लावून धुवायचा. बेअरिंग त्या मन लावण्यानं गेलं.

पुतण्यानं त्यावर तोडगा काढला, "काका, आता घरीच गाडी धुवायचं मशीन, प्रेशर वॉशर घेऊया. एकशे दहा बारचं पण आहे, पण त्यात काय हुतंय? दीडशेचं घेतलं की नाद खुळा!"

मी पंपांच्या धंद्यात उभी हयात घालवली. 'बार' हा दाबाचा आकडा कुस्तीतल्या वजनासारखा सांगितलेला ऐकला की मला राहवत नाही.

पहिली गोष्ट, पंप दाब तयार करत नाही. पंप फक्त पाणी ढकलतो. आत दोन-तीन छोटे दट्टे पुढंमागं होत असतात आणि दर मिनिटाला ठराविक लिटर पाणी पुढं सारतात. दाब तयार होतो तो त्या पाण्याची वाट अडवल्यामुळं. सायकलला हवा भरायचा पंप घ्या. नळी मोकळी सोडून दट्ट्या मारला तर हाताला काही जाणवत नाही. तोंडावर बोट दाबून मारा, दट्ट्या रेटता रेटत नाही. प्रेशर वॉशरमध्ये ते बोट म्हणजे नोझलचं भोक. मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण १ मिलिमीटरच्या भोकातून जायला भाग पाडलं की मागं १०० बारच्या आसपास दाब साठतो. वाळूच्या कणांनी तेच भोक झिजून मोठं झालं की दाब उतरतो, आणि आपण म्हणतो पंप बसला.

१०० बार म्हणजे किती? १ बार म्हणजे सुमारे १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ. तीन मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी आणि तळमजल्यावरचा नळ. १०० बार म्हणजे एक किलोमीटर उंचीची टाकी. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावर टाकी ठेवून पाइप थेट समुद्रसपाटीपर्यंत आणला, तर तळाशी १६० बारच्या आसपास दाब मिळेल. दोन हातांत उचलता येणारं यंत्र आज ते काम करतं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

आता गंमत. नोझलच्या बाहेर पडलेल्या धारेत हा दाब नसतो. अजिबात नसतो. बाहेर आल्याबरोबर पाण्यावर दाब असतो तो फक्त भोवतालच्या हवेचा, तुमच्या-माझ्या अंगावर असतो तोच. मग ते १०० बार गेले कुठं? वेगात. सतराव्या शतकात इटलीच्या टॉरिचेल्लीनं टाकीच्या भोकातून पडणार्‍या पाण्याचा वेग शोधला आणि पुढच्या शतकात बर्नुलीनं दाब आणि वेग यांचा हिशेब जुळवला. दाबाची दुप्पट करायची, तिला घनतेनं भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. १०० बारला उत्तर येतं सेकंदाला १४१ मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरच्या वर. गच्चीवरच्या टाकीच्या १ बारला येतं सेकंदाला १४ मीटर, ताशी ५०. दाब शंभरपट, वेग मात्र दहापटच. हे वर्गमूळ ध्यानात ठेवा, सगळी खरेदी त्याच्यावर ठरणार आहे.

धार चिखलावर आपटते, पाणी थांबतं, आणि वेगाचा पुन्हा दाब होतो. म्हणजे पंपातला दाब गाडीपर्यंत प्रवास करतच नाही. तो वाटेत वेगाचं सोंग घेतो आणि शेवटी परत दाब होतो. त्या शेवटच्या दाबाला जागा किती मिळते, यावर चिखल निघणार की बेअरिंगचं रबरी सील फाटणार हे ठरतं.

चिखल ढकलणारा जोर म्हणजे सेकंदाला आपटणार्‍या पाण्याचं वस्तुमान गुणिले त्याचा वेग. मशीनची पाणी मारायची बंदूक हातात घेतल्यावर मागं धक्का बसतो ना, तोच जोर. आता दोन मशीन घेऊ. पहिलं १०० बार आणि मिनिटाला ८ लिटर. दुसरं १५० बार आणि मिनिटाला सव्वापाच लिटर. दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती, आणि ती दोन्हीकडं जवळपास सारखीच, १३०० वॉटच्या आसपास. वीज तेवढीच खाणार. पहिल्याच्या धारेचा जोर येतो १.९ किलो वजनाएवढा, दुसर्‍याचा जेमतेम १.५. दीडशेवाला हरला! कारण दाब दीडपट झाला तरी वेग वर्गमूळानं, म्हणजे सव्वापटीपेक्षाही कमी वाढतो, आणि पाणी मात्र सरळ तिसर्‍या हिश्शानं कमी झालं. पुतण्या इथं मोबाइल बघायला लागला. वाचकही लागले असतील, म्हणून एका वाक्यात सांगतो: चिखलाला बार नको, लिटर हवेत. वाळका रंग खरवडायचा असेल तर दाब कामाला येतो. चिखलाला सोडवायचं असतं आणि मग वाहून न्यायचं असतं, आणि वाहून नेणं हे पाण्याचं काम. घरच्या मशीनमध्ये १०० ते १२० बार भरपूर झाले. उरलेले पैसे लिटरवर घाला. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा कमाल दाबाचा असतो. धुताना मिळणारा दाब आत, बारीक अक्षरात सापडतो. तोच बघायचा.

आता सीलकडं येऊ. फिरणार्‍या आसाला कवटाळून बसलेला रबराचा पातळ ओठ, हेच सील. सर्वसाधारण सील अर्ध्या बारपर्यंतचा दाब सोसेल अशा बेतानं बनवलेलं असतं. त्याचं काम ग्रीस आत ठेवणं आणि धूळ बाहेर ठेवणं. तोफ अडवणं हे त्याचं काम नव्हे. धारेचा जोर दीड किलो धरा. २५ अंशांचं हिरवं नोझल ३० सेंटिमीटरवर धरलं तर पट्टा सुमारे १३ सेंटिमीटर रुंद होतो. त्याची जाडी एक सेंटिमीटर धरली तर सरासरी दाब पडतो बारच्या दहाव्या हिश्शाएवढा. सील हसून सोडून देईल. आता १५ अंशांचं पिवळं नोझल १० सेंटिमीटरवर आणा. पट्टा अडीच सेंटिमीटरचा, जाडी तीन मिलिमीटर. दाब दोन बारच्या घरात. मशीन तेच, पाणी तेच, फक्त हात पुढं गेला आणि दाब पंधरा-वीसपट झाला. शून्य अंशांचं लाल नोझल तर डब्यातच राहू द्या. तिथं धार पसरतच नाही.

म्हणून गाडीला हिरवं नाहीतर ४० अंशांचं पांढरं नोझल, आणि हातभर अंतर. चाकाचा मध्य, स्टिअरिंगची बेअरिंगं, स्विंगआर्मचा, म्हणजे मागच्या चाकाच्या दांड्याचा सांधा आणि ओ-रिंगची चेन यांच्यावर धार तिरकी आणि लांबून. ऑइल कूलरच्या पातळ पट्ट्या वाकतात, सायलेन्सरच्या तोंडाला बूच लावायचं, एअर फिल्टरच्या बाजूला जायचंच नाही. आणि ही धार हातापायावर कधीही घेऊ नका. जवळून बसलेली धार कातडीतून आत शिरते. वरून जखम सुई टोचल्याएवढीच दिसते, पण आत गेलेला घाणेरडा द्रव बोट घालवू शकतो. असं झालं तर 'बघू उद्या' नको, सरळ दवाखाना.

एक चूक मीही वर्षानुवर्षं केली. फिरून आल्या आल्या, गरम गाडीवर गार पाणी. ब्रेक लावून लावून तापलेला चाकाचा हब समजा ६० अंशांवर आहे. त्यावर २५ अंशांचं पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि तिचा दाब साधारण दहा टक्क्यांनी उतरतो. म्हणजे मीटरभर पाण्याच्या स्तंभाएवढी ओढ, तीही आतल्या बाजूला. आपण बाहेरून पाणी मारतोय आणि बेअरिंग आतून तोंडानं ओढून घेतंय! गाडी सावलीत लावा, चहा घ्या, मग धुवा.

तेवढ्या वेळात चिखलावर नुसतं पाणी शिंपडून ठेवलं तर निम्मं काम होतं. करपलेलं भाताचं पातेलं कोणी लगेच घासायला घेत नाही, आधी भिजत घालतात. पश्चिमेकडची लाल जांभ्याची माती त्या मानानं सोपी, फार फुगत नाही. शिरोळकडची काळी माती मात्र हट्टी. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं, चिकटतं आणि वाळलं की सिमेंट होतं. तिला दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या.

खरेदीचं बाकी चटकन सांगतो. मोटर इंडक्शनची मिळाली तर घ्या. जड असते, महाग असते, पण मिनिटाला २८०० च्या आसपास फेर्‍यांवर शांत चालते आणि टिकते. कार्बन ब्रशवाली मोटर मिक्सरसारखी किंचाळते, गल्ली गोळा होते. आपल्याकडं नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तेव्हा पिंपातून पाणी ओढणारं मशीन बघा आणि पिंप मशीनच्या बरोबरीच्या उंचीवर ठेवा. उसाला पाणी पाजणार्‍याला फुटव्हॉल्व्ह आणि हवा धरलेला पंप मी काय समजावणार! तेच नियम इथं. पाणी ओढायच्या पाइपच्या तोंडाला जाळी हवीच, पावसाळ्यात नळालाही गढूळ पाणी येतं. १८०० वॉटचं मशीन ८ अँपिअरच्या आसपास ओढतं. सोळाचा सॉकेट, धड अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय ओल्या अंगणात बटण दाबू नका.

खंडेनवमीला अख्खं कोल्हापूर गाड्या धुतं, झेंडू बांधतं आणि कुणी कुणी चाकाखाली लिंबूही चिरडतं. धुतलेल्या गाडीचा पहिला ब्रेक खरंच कमी लागतो, पण त्याला नजर लागणं जबाबदार नाही. डिस्कवर आणि पॅडवर पाणी असतं. गाडी बाहेर काढण्याआधी सावकाश चालवत पाच-सहा वेळा ब्रेक दाबा. लिंबू लोणच्याला ठेवा.

शेवटी मशीन आलं, ११० बारचं, ८ लिटरवालं. मी आधी बादली मागवली. १६ लिटरची बादली भरायला २ मिनिटं १० सेकंद लागली, म्हणजे मिनिटाला ७.४ लिटर. खोक्यापेक्षा थोडं कमी, पण लाजिरवाणं नाही. गाडी धुऊन उन्हात लावली. वाळल्यावर पुतण्यानं टाकीवर बोट ओढलं, तर मागं स्वच्छ रेघ आणि दोन्हीकडं तांबूस थर. "काका, पाचशेच्या स्पीडनं मारलं की! तरी धूळ हाय तशी?"

हा प्रश्न मला फार आवडला. पाणी कितीही वेगानं वाहो, पृष्ठभागाला अगदी चिकटलेल्या थरात त्याचा वेग शून्य असतो. तिथून वर तो वाढत जाऊन पुरा होतो त्या पातळ थराचा, म्हणजे सीमास्तराचा, विचार जर्मनीच्या लुडविग प्रांटलनं १९०४ साली मांडला. आपल्या धारेत हा थर मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा भरतो, आणि मातीचे बारीक कण दोन हजारांश मिलिमीटरपेक्षाही लहान. वरून वादळ चाललेलं असतं आणि ते खाली गाढ झोपलेले असतात. त्यांना उठवायला साबण आणि फडकंच लागतं. छताचा पंखा एवढा गरगरतो, तरी त्याच्या पात्यावर धूळ बसते की नाही?

पुतण्या मुकाट्यानं आत जाऊन सुती फडकं घेऊन आला आणि टाकी पुसायला लागला. आतून वहिनींचा आवाज आला, "झालं की तेच फडकं घेऊन ये आत, पंखा पण पुसून काढ."