सेंटर स्पीकरचा समतोल

घरगुती सराउंड ध्वनिव्यवस्थेत पडद्याच्या मधोमध असलेल्या स्पीकरचा आवाज इतर स्पीकरांशी जुळवून घेण्याची प्रक्रिया. ५.१ मांडणीत समोर डावा, मधला आणि उजवा असे तीन, बाजूंना किंवा किंचित मागे दोन आणि खर्जासाठी एक सबवूफर असतो. चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. त्यामुळे ‘संगीत अंगावर येते, पण माणसे काय बोलतात ते कळत नाही’ या घरोघरच्या तक्रारीचे मूळ बहुधा याच एका स्पीकरपाशी सापडते.

दोनच स्पीकर असले तर मधून येणारा आवाज हा कानांना होणारा भास असतो, आणि तो बरोबर मध्यभागी बसणाऱ्यापुरताच टिकतो. सोफ्याच्या टोकाला बसलेल्या आजींना नायिकेचे बोलणे जवळच्या स्पीकरमधून येते आणि चेहरा मात्र पडद्याच्या मध्यावर दिसतो. बेल प्रयोगशाळेने १९३३ मध्ये फिलाडेल्फियात चाललेले वाद्यवृंदाचे वादन तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात पोहोचवले, तेव्हाही डावा, मधला, उजवा अशा तीन स्वतंत्र मार्गांचीच योजना होती.  

चित्रपटाचे ध्वनिमिश्रण ज्या खोलीत होते तिथे समोरचे तिन्ही स्पीकर एकाच पातळीवर लावलेले असतात. संवाद किती मोठा आणि पाऊस किती हलका, हे मिश्रणकार त्या समान पातळीवर बसून ठरवतो. म्हणून घरीही पहिले काम सेंटर वाढवण्याचे नाही, सर्व स्पीकर समान करण्याचे आहे. मनाजोगते बदल त्यानंतर करावेत.

रिसीव्हरमध्ये, म्हणजे सर्व स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात, प्रत्येक स्पीकरसाठी चाचणीचा ‘खर्रर्र’ असा आवाज असतो. नेहमीच्या जागी कानाच्या उंचीवर ध्वनिमापक धरून, सी वेटिंग (खर्जही मोजणारी पद्धत) आणि स्लो (आकडा संथपणे बदलणारी) या सेटिंगवर, प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबल दाखवेल अशी पातळी लावतात. ती एक किंवा अर्ध्या डेसिबलच्या टप्प्याने बदलता येते. मोबाइलमधल्या ॲपचा आकडा तंतोतंत खरा नसला तरी एका स्पीकरची दुसऱ्याशी तुलना करायला तो पुरतो. रिसीव्हरसोबत आपोआप मोजणी करणारा मायक्रोफोन आला असेल तर तो हातात धरू नये, सोफ्याच्या पाठीवरही टेकवू नये. तो कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर लावावा. पंखा आणि खिडक्या बंद ठेवाव्यात. रस्त्यालगतच्या घरात गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत ही मोजणी करण्यात अर्थ नाही.

पातळीइतकेच अंतरही महत्त्वाचे. ध्वनीला एक मीटर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. सेंटर बहुधा डाव्या-उजव्यापेक्षा बसणाऱ्याला जवळ असतो. ही अंतरे रिसीव्हरमध्ये नीट भरली की त्याचा आवाज तेवढाच थांबवून सोडला जातो.

पुण्यातल्या टू बीएचके फ्लॅटमध्ये खरी अडचण बऱ्याचदा खोलीचीच असते. खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, एका बाजूला बाल्कनीचे काचेचे सरकते दार. अशा हॉलमध्ये आवाज घुमतो आणि सर्वांत आधी व्यंजने पुसट होतात. मराठीत हे फार जाणवते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा आहे. ‘जरा’ म्हणजे थोडेसे की वार्धक्य, हेही ज कसा उच्चारला त्यावरच ठरते. हे बारीक भेद उच्च कंप्रतेच्या ध्वनीत असतात आणि घुमणाऱ्या खोलीत सेंटरचा आवाज कितीही वाढवला तरी ते परत येत नाहीत. सोफ्यासमोर सतरंजी किंवा गालिचा, काचेवर जाड पडदे आणि भिंतीला पुस्तकांचे कपाट यांनी जो फरक पडतो तो रिमोटने पडत नाही.

दुसरी चूक जागेची. टीव्ही युनिटच्या खालच्या खणात आत ढकललेला सेंटर बसणाऱ्याच्या गुडघ्यांशी बोलतो. तो खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढावा आणि पुढून थोडा उचलून कानांच्या दिशेने रोखावा. वायर, प्लग आणि भिंतीवरचे ब्रॅकेट पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात, पण समोरचे तीन स्पीकर वेगवेगळे घेऊ नयेत. ते एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले असावेत, नाहीतर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज मध्ये आल्यावर बदलतो.

एवढे करून संवाद मागे वाटत असतील तर सेंटर एक-दोन डेसिबलने वाढवावा, फार तर तीन. तीन डेसिबल म्हणजे स्पीकरला दुप्पट शक्ती, पण कानाला तो बेताचाच फरक वाटतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात. सहा डेसिबल वाढवूनही समाधान होत नसेल तर दोष पातळीचा नाही. पुन्हा जागा आणि खोली पाहावी. सेंटर अति वाढवला की संगीताची रुंदी आटते आणि सारे मधल्या पेटीत गोळा होते.

काही वेळा सेंटरला स्वतःचा आवाज मिळतच नसतो. टीव्हीकडून आर्क (एचडीएमआय वायरीतून टीव्हीचा आवाज परत पाठवण्याची सोय) किंवा ऑप्टिकल वायरने आवाज रिसीव्हरला जात असेल आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ हा साधा डिजिटल आवाजाचा पर्याय निवडलेला असेल, तर दोनच चॅनेल पोहोचतात. रिसीव्हर मग डाव्या-उजव्यात जे समान आहे ते वेगळे काढून सेंटरला देतो. ५.१ चित्रपटासाठी हे सेटिंग बदलावे.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे आणि शेजाऱ्याची भिंत आपलीच भिंत असते. आवाज कमी केला की हळू बोललेली वाक्ये हरवतात, वाढवला की स्फोटाने घर जागे होते. यावर सेंटर वाढवणे हा उपाय नाही. रिसीव्हरमधला ‘नाइट मोड’ मोठे आवाज दाबून हलके वर आणतो. त्याच्या जोडीला सबवूफर कमी करावा, कारण स्लॅबमधून खालच्या मजल्यावर पोहोचतो तो मुख्यतः खर्ज. सकाळी नाइट मोड बंद करून सबवूफर पुन्हा मोजलेल्या पातळीवर आणावा.