जाड आवाजाची पोरगी आणि तीन सेंटिमीटरची नळी

गावातल्या भजनी मंडळात एखाद्या मुलीचा गळा खालच्या सुरात भरदार लागला, की "पोरीचा आवाज जाड आहे" म्हणत तिच्या हाती टाळ देतात आणि मागच्या रांगेत बसवतात. शाळेच्या गॅदरिंगला तिला सिनेमाच्या गाण्याच्या मूळ पट्टीत, काळी एकमध्ये (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून), गायला लावतात. तिथे नरडं ताणलं जातं, सूर फाटतो आणि "हिला गाणं नाही" असा शिक्का बसतो. हा शिक्का चुकीचा आहे.

पाश्चात्त्य शास्त्रीय गायनात या गळ्याला मेझो-सोप्रानो असं स्वतंत्र नाव आहे. फ्रेंच संगीतकार बिझेच्या 1875 सालच्या 'कार्मेन' या ऑपेराची, म्हणजे गाण्यांतून चालणाऱ्या नाटकाची, नायिका याच आवाजासाठी लिहिलेली आहे. मेझोचा पल्ला साधारण 220 ते 880 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं. आता आपल्या पेटीवर हिशोब करा. बाईचा सा काळी पाच धरला तर तो 233 हर्ट्झ, मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम 175 आणि तार (वरच्या सप्तकातला) पंचम 699. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी शास्त्रीय गायिका रोजचा रियाज जवळपास मेझोच्याच इलाख्यात करतात. जाड म्हणून मागे बसवलेली ती पोरगीही तिथलीच असू शकते. तिला काळी एक देणं म्हणजे सा एकदम 277 वर नेणं, आणि मग तार पंचम 830 च्या घरात जातो.

ऑपेरात माइक नसतो. समोर साठ-सत्तर वाद्यं वाजत असताना एकटीचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. तो छातीच्या जोरावर जातो असं बहुतेकांना वाटतं, पण एवढ्या वाद्यांपुढे कुणाचाच जोर पुरत नाही. वाद्यवृंदाची सर्वाधिक ताकद 500 हर्ट्झच्या आसपास असते आणि त्यावर ती झपाट्याने उतरते. 3000 हर्ट्झजवळ बरीच मोकळी जागा उरते, आणि आपल्या कानाची नळीही नेमकी तिथेच सर्वात चांगली घुमते. तयार गळा आपली ताकद या मोकळ्या जागेत गोळा करतो. स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी 1970 च्या दशकात याचं कारण उलगडून दाखवलं.

स्वररज्जूंच्या लगेच वर दोन-तीन सेंटिमीटरची एक अरुंद नळी असते. खालचं टोक स्वररज्जूंनी जवळजवळ बंद, वरचं टोक घशाच्या पोकळीत उघडं. अशा नळीत तिच्या लांबीच्या चौपट लांबीची लहर घुमते. एका टोकाला बंद असलेलं, बिनभोकाचं पेनाचं टोपण घ्या. (भोक असेल तर बोटाने दाबून धरा, नाहीतर शिट्टी वाजणारच नाही.) तळाशी कणकेचा गोळा दाबून आतली खोली 3 सेंटिमीटर करा आणि तोंडावर आडवी फुंकर मारा. 3 ची चौपट 12 सेंटिमीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला 345 मीटर, भागाकार सुमारे 2900. तोंडाशी असलेली हवाही थोडी घुमते, म्हणून प्रत्यक्षात शिट्टी जरा खाली लागते. कणीक वाढवून खोली 2 सेंटिमीटर केली की ती एकदम वर चढते.

गळ्यातली नळी मात्र एका अटीवर स्वतंत्रपणे घुमते. तिच्या तोंडाशी घशाची पोकळी ऐसपैस हवी. तिथलं क्षेत्रफळ नळीच्या तोंडाच्या साधारण सहापट असेल, तर दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत आणि 3000 जवळ ध्वनीचा उंच डोंगर उभा राहतो. उंच सुराला हनुवटी वर केली की स्वरयंत्र वर सरकतं, घसा आवळतो आणि डोंगर सपाट होतो. मग गाणारी आणखी जोर लावते. जांभई सुरू होताना गळ्यावर बोट ठेवा, स्वरयंत्र खाली उतरताना कळतं. पण जिभेच्या मुळाने ते खाली दाबलं, तर आवाज गिळल्यासारखा कोंदट होतो.

आवाज मोकळा व्हावा म्हणून मध, तूप, ज्येष्ठमध चाटवतात. घशाची खवखव त्याने कमी होते, हे खरं. पण गिळलेलं काहीच स्वररज्जूंना लागत नाही. एक थेंब जरी तिकडे गेला तरी ठसका लागतो. जत्रेनंतर आवाज बसला तर ती नजर नव्हे, सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांवर आदळून स्वररज्जूंना आलेली सूज आहे. तिच्यावर उतारा काढून काही होत नाही, तिला मौन लागतं. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन स्वररज्जू बघून घ्यावेत. ही बघण्याची युक्तीही एका गायनगुरूची. मॅन्युएल गार्सिया यांनी 1854 मध्ये छोट्या आरशाने स्वतःचेच स्वररज्जू पाहिले. त्यांची बहीण पॉलिन व्हियार्दो नामवंत मेझो होती.

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. धानाची धूळ, थंडी आणि रात्रभर गाणं. अशा वेळी विंगेत करण्याजोगा एक व्यायाम आहे. ग्लासात चार बोटं कोमट पाणी घ्या, साधा स्ट्रॉ 2 ते 3 सेंटिमीटर बुडवा, ओठ घट्ट मिटा आणि 'ऊ' धरून सा पासून पंचमापर्यंत घसरत जा, पाच मिनिटं. साध्या बोलण्याला फुप्फुसांतून 6 ते 10 सेंटिमीटर उंच पाण्याएवढा दाब लागतो. बुडवलेली नळी त्यातला 2-3 सेंटिमीटर उलटा परत देते, त्यामुळे स्वररज्जू जरा सैल राहून हलके टेकतात. आवाज चालू असून बुडबुडे थांबले तर हवा नाकातून जाते आहे. नाक चिमटीत धरून खात्री करा. मेझोचा गळा 330 ते 350 हर्ट्झजवळ अडखळतो. तिथे स्वररज्जू जाड ठेवणारा स्नायू सोडतो आणि ताणणारा पुढचं काम हाती घेतो. काळी पाचच्या सा ला हा नेमका पंचम. स्ट्रॉ धरून हा सांधा आठ-दहा वेळा ओलांडला, की मग तोच पंचम तोंड उघडून लावून बघा.